पत्रकाराच्या पेट्रोलचा प्रश्न

महोदय,

पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या देशातील स्वतंत्र निवडणूक पत्रकारितेला परदेशी साहाय्य मिळावे, ही आपल्या दैनिकातील लेखाची भूमिका मला मनापासून पटली. २००३ मध्ये यादवी युद्धातून बाहेर पडलेल्या या देशात अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या नोव्हेंबर २०२३ मधील दुसऱ्या फेरीत जोसेफ बोआकाई यांना ५०.६४, तर तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज विआ यांना ४९.३६ टक्के मते मिळाली आणि विआ यांनी रेडिओवरून पराभव मान्य केला. इतक्या निसटत्या निकालात अफवांना आळा बसतो तो मतदान केंद्राबाहेर लावलेल्या मोजणीपत्रकावरचे आकडे स्वतः टिपून, स्थानिक रेडिओवरून लोकांच्या भाषेत सांगणाऱ्या वार्ताहरामुळे. मात्र चिखलाच्या रस्त्याने दुचाकीवर तिथवर जायचे पेट्रोलच जर उमेदवाराच्या पैशातून भरले गेले, तर त्या आकड्यांवर विश्वास कोण ठेवील? तिथल्या २०१९ च्या कायद्याने मानहानीला फौजदारी गुन्ह्यातून वगळले, हे मोठेच पाऊल होते. परंतु वार्ताहराच्या पगाराची सोय त्याने होत नाही. म्हणून हे साहाय्य निवडणुकीपुरते न देता गावोगावच्या रेडिओ केंद्रांना वर्षभर, नियमित वेतनाच्या रूपाने मिळावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

– एक वाचक, पुणे