राजापूर गेले कुठे?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील रत्नागिरी-सिंधुदुर्गचा ‘राजकीय इतिहास’ वाचला. तो २००९ पासून सुरू होतो! लेखकमहाशयांच्या वयाचा अंदाज आला. त्याआधी इथे राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ होता. फेररचनेत नाव गेले, मतदार आहेत तिथेच आहेत.

वर ठोकून दिलेय, ‘कोकणी माणूस उपरा उमेदवार स्वीकारत नाही.’ बॅ. नाथ पै वेंगुर्ल्याचे, मान्य. १९५७, ६२, ६७ असे तीनदा निवडून आले. ते १९७१ च्या जानेवारीत गेले आणि मार्चमध्ये आम्ही दिल्लीला पाठवले मधु दंडवते यांना. हे मूळ नगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे. तेही एकदा नव्हे, लागोपाठ पाचदा. ८४ च्या काँग्रेस लाटेतसुद्धा.

माझी आजी निरक्षर. तिचे मत झोपडीला, म्हणजे नाथ पैंच्या प्रजासमाजवादी पक्षाला. ७७ साली मी तिला शाळेतल्या केंद्रावर घेऊन गेलो. मतपत्रिका उलटसुलट करून तिने आतूनच आवाज दिला, “माझी झोपडी खंय गेली?” केंद्राध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या साली दंडवते जनता पक्षाचे, चिन्ह होते नांगरधारी शेतकरी. वाटेत मी तिला दहादा सांगितले होते, पण तिचा विश्वास नव्हता. बाहेर आली, शाईचे बोट पदराला पुसत म्हणाली, “घातलंय नांगरवाल्याक. पण तो नाथ पैंचोच मां?”

‘उपरा’ म्हणे!

१९९१ मध्ये दंडवते काँग्रेसच्या सुधीर सावंतांकडून हरले. त्यांना पाडणाऱ्यांत आमचेही घर होते, हे आता लिहायला हरकत नाही. पुढे सुरेश प्रभू चार वेळा. त्यानंतरचे तुम्ही रंगीत तक्त्यासह छापलेच आहे.

त्याच पानावर कोकण रेल्वेचे श्रेय वाटताना दंडवत्यांना तेवढे वगळलेत. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोम आला तो ते रेल्वेमंत्री असताना. लेखक त्यावरच झोपून आले असतील.

जाता जाता, गेल्या खेपेस माझ्या पत्राचा मधलाच परिच्छेद उडवला होतात. या वेळी जागा कमी पडली तर फोम काढा. आजीला हात लावू नका.

— एक जुना वर्गणीदार, देवगड तालुका