चवथीनंतर जायचं ठरलंय

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर सांगितलं असतं, तर बाबा ‘बरं’ म्हणून फोन आईच्या हातात देऊन अंगणात गेले असते. म्हणून लिहितेय. मी होकार कळवलाय. चवथ झाली की स्वित्झर्लंड, दोन वर्षं. काम धरणांवरच्या सोलर पॅनेलांचं.

बाबा, परत धरणच, असं वाटेल तुम्हाला. पण ही धरणं आधीचीच आहेत, पॅनेलांसाठी कुणाचं घर उठवायचं नाही. तसं असतं तर मी अर्जच केला नसता. तिथे हिवाळ्यात खालच्या गावांवर धुकं बसून राहतं आणि वीज तेव्हाच जास्त लागते. मुटसे धरण २५०० मीटरवर, धुक्याच्या वर. त्याच्या भिंतीवर पॅनेलं लावलीत. थंड हवेत ती जास्त चांगली चालतात, बर्फावरून उजेड परततो, उभट बसवल्यामुळे बर्फ घसरून जातो. वर्षाची निम्मीअधिक नाही, पण जवळजवळ निम्मी वीज हिवाळ्यातच मिळते.

तूल नावाच्या तलावात तर २०१९पासून पॅनेलं तरंगताहेत. पाणी उतरलं की तराफे तळाला टेकतात, भरलं की परत वर. हे वाचलं आणि साळावली धरणात बुडालेलं आपलं कुर्डी गावच डोळ्यांपुढे आलं. मे महिन्यात साळावलीचं पाणी ओसरलं की बाबा मला खांद्यावरून जोत्यावर उतरवायचे. हा ओटा, ही न्हाणी. आणि मी तिथे तडकलेल्या चिखलात उभी राहून अंग चोळल्याचं सोंग करायची, आई ओरडेपर्यंत.

भिंतीवर लटकायचं काम माझं नाही हं. मी कचेरीत बसून कुठलं पॅनेल मंदावलं ते बघणार. खोलीत हीटर आहे. भात मिळतो. उकडे तांदूळ नसले तर सुरय खाईन. सोलां आणि तिरफळं बांधून दे, सुकी सुंगटं नकोत, बॅगभर वास सुटेल.

आई, साखरेवरची गोळी पेजेच्या आधी, नंतर नव्हे. बाबा, पुढच्या चवथीला माटोळी बांधायला तुम्ही स्टुलावर चढायचं नाही, शेजारी सांगून ठेवते. कुर्डीच्या सोमेश्वराला जाल तेव्हा गाडी करून जा, पैसे मी पाठवीन. गुडघा सांभाळा, चिखलात एकट्याने उतरू नका.

रविवारी येतेय. रागवायचं ते तेव्हा समोर बसून रागवा. पणजीहून काय आणू ते मात्र आधी कळवा.

तुमची,
बाय