कुंडी भरण्याआधी: मंदारला पत्र

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

गच्चीवरच्या मिरची, टोमॅटो, वांग्याला खत कोणतं घालू, असं तू विचारलंस. खताचं शेवटी बघू. आधी झाडं लावायच्या बॅगांत भरायचं काय ते ठरव, कारण कुंडीतलं झाड उपासमारीने क्वचित मरतं, बहुतेक वेळा ते मुळाशी गुदमरतं. नर्सरीवाल्याला लाल मातीच्या गोण्यांची ऑर्डर दिली नसशील तर थांब. दिली असशील तर पाव भागच घे.

शेतात माती खोल असते. पाऊस थांबला की पाणी खाली उतरत जातं आणि दोन-चार दिवसांत वाफसा येतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही जमतात. १५ इंची बॅगेत पाण्याला उतरायला जागाच नाही. भोकांतून गळणं थांबलं तरी तळाचा काही बोटांचा थर पाण्याने गच्च राहतो. हा थर किती जाड, हे मिश्रणाच्या कणांवर ठरतं, कुंडीच्या उंचीवर नाही. बारीक मातीत तो जाड, भरड मिश्रणात पातळ. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धर, थेंब थांबले की उभा कर. आणखी पाणी गळेल. उथळ कुंडी जास्त चिखलते ती याचमुळे.

तळाला खडी किंवा विटांचे रोडे घालायची पद्धत सगळीकडे आहे आणि तिचा उपयोग शून्य. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते खडीच्या वरच अडून बसतं. म्हणजे गच्च थर तेवढाच राहतो, फक्त मुळांच्या दिशेने वर सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. बॅगेला बुडाजवळ बोटाएवढी सहा-आठ भोकं हवीत, आणि पावसाळ्यात बॅग दोन विटांवर उचलून ठेव. खालची ताटली जूनमध्ये काढून टाक.

वजनाचाही विचार कर. १५ बाय १५ ची बॅग काठोकाठ ४३ लिटरची, वर दोन इंच सोडले तर ३७ लिटर. नुसत्या मातीने भरली तर भिजल्यावर एक बॅग ६० किलोच्या पुढे जाते. चार बॅगा खेटून ठेवल्या तर पाऊण चौरस मीटरही व्यापत नाहीत आणि वजन होतं अडीचशे किलो. वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी आपल्याकडचं आयएस ८७५ हे मानक चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा भार धरतं. खाली सांगतो ते मिश्रण ओलं असताना बॅगेला ३५ किलोच्या आसपास राहतं. तरी बॅगा मधोमध गोळा करू नकोस, तुळयांच्या वर आणि अंतर ठेवून मांड. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचार.

आता साहित्य. काळी माती पूर्ण वगळ. शेतात ती सोनं असेल, पण ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. कुंडीत ती आकसून कडेपासून सुटते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. खालून पाणी आलं म्हणून तुला वाटतं, पोटभर पाजलं. लाल माती चालते, पण मिश्रणाचा पाचवा हिस्सा एवढीच. वाळूचाही सल्ला तुला मिळेल. बारीक वाळू मातीच्या पोकळ्या बुजवते आणि हवा उलट कमी करते. क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, भुकटी असते, तीही तेच करते. समुद्राची वाळू खारट, तिचं नाव काढू नकोस. वाळू घ्यायचीच तर तांदळाएवढ्या किंवा त्याहून जाड दाण्याची, धुऊन.

मुख्य माल कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथेच. त्याची ५ किलोची दाबलेली वीट २५-३० लिटर पाण्यात फुगवली की सुमारे ७० लिटर भरते. पण नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियम मुळातच भरपूर. सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलं असेल तर आणखीच. हे क्षार नुसते पाण्यात नसतात, काथ्याच्या कणांना चिकटलेले असतात. न धुता लावलंस तर रोपांच्या पानांच्या कडा करपतात. नुसतं धुऊन लावलंस तर दुसरीच गंमत होते: काथ्या तुझ्या खतातलं कॅल्शियम ओढून घेतो आणि त्या बदल्यात पोटॅशियम सोडतो. मग टोमॅटो चांगला लिंबाएवढा होतो आणि बूड काळं पडून चामड्यासारखं होतं. लोक त्याला रोग समजून बुरशीनाशक मारत बसतात.

उपाय सोपा आहे, फक्त दोन दिवस लागतात. फुगवलेलं पीट जुन्या मच्छरदाणीत किंवा गोणपाटात भर, पाणी ओत, निथळू दे. असं तीनदा कर. साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घे आणि शेवटच्या निथळाचा आकडा नळाच्या पाण्याच्या आकड्याशी ताडून बघ. फरक ३०० च्या आत आला की धुणं झालं. मग एका विटेला १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट २५ लिटर पाण्यात विरघळवून त्यात पीट रात्रभर भिजत ठेव. सकाळी निथळवून एकदा साध्या पाण्याने धू. आता कॅल्शियम कणांवर बसलं आणि सोडियम बाहेर गेलं. कॅल्शियम नायट्रेट कृषी सेवा केंद्रात मिळतं. त्याच बादलीत सुपर फॉस्फेट किंवा मॅग्नेशियम सल्फेट मिसळू नकोस, साका धरतो आणि दोन्ही खतं वाया जातात. विकत घेताना वीट फोडून बघ. नुसती तपकिरी भुकटी असेल तर सोड. तंतू आणि बारीक तुकडे दिसले पाहिजेत. भुकटी वर्षभरात दबते आणि मग तीही चिखलासारखीच वागते.

हवेसाठी परलाइट चांगलं. ही ज्वालामुखी काच, तापवून लाहीसारखी फुलवलेली. पोतं ओतण्याआधी आत पाणी शिंपड आणि तोंडाला फडकं बांध, धूळ घशाला त्रास देते. महाग वाटलं तर विटांचा वाटाण्याएवढा चुरा चाळून घे, फक्त वजन वाढेल. भाताचं तूस कोकणात गिरणीवर मिळेल. ते अर्धवट जाळून काळं केलेलं असेल तर उत्तम: हलकं, भरड आणि बराच काळ न कुजणारं. पांढरी राख होईपर्यंत जाळलेलं मात्र नको, त्यात पोकळी उरत नाही. कच्चं तूस थोडंच चालतं आणि लाकडाचा ताजा भुसा अजिबात नाही, कारण ते कुजवणारे जीवाणू मिश्रणातला नत्र स्वतःच वापरतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झाडाची खालची पानं पिवळी पडायला लागतात. व्हर्मिक्युलाइट पाणी छान धरतं, पण दाबलं की चपटं होतं. ते बी रुजवायला ठेव, मोठ्या बॅगेत नको.

शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. मूठभर घेऊन वास घे, शेणाचा किंवा अमोनियाचा वास आला तर ते अजून खत झालेलं नाही. ताडपत्रीवर पातळ पसरून हाताने चाळ. त्यात सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची, करंगळीएवढी जाड अळी सापडेल, ती हुमणी. शेतात एक-दोन असल्या तर चालून जातं, पण बॅगेत एकच अळी मिरचीची मुळं संपवते आणि झाड पाणी असूनही मान टाकतं. खात्री नसेल तर गांडूळखत घे. मात्र चाळलेलं, अगदी काळं, ओलं गांडूळखत पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घालू नकोस. चांगलं म्हणून ढीगभर घातलेलं गांडूळखत मुंबई-ठाण्याच्या पावसात लोण्यासारखं होतं.

तुझ्या दहा बॅगांसाठी, बसकण धरून, ४०० लिटर लागेल. मोजायला १० लिटरचं घमेलं धर: धुतलेलं कोकोपीट १६ घमेली, गांडूळखत किंवा जुनं शेणखत ८, लाल माती ८, काळं तूस ४, परलाइट ४. पिटाच्या तीन विटा आण, थोडं उरेल ते रोपांना. यात निंबोळी पेंड २ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट ८०० ग्रॅम, आणि डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेल्या चुनखडीची पूड) ८०० ग्रॅम. रासायनिक नको असेल तर फॉस्फेटऐवजी हाडांचा चुरा २ किलो. डोलोमाइट धरणाच्या मऊ पाण्यासाठी. गच्चीवर बोअरचं जड पाणी वापरणार असशील तर वगळ, त्या पाण्यातूनच पुरेसा चुना येतो. आधी कोरडी खतं मातीत मिसळ, मग ती माती बाकीच्यात. उलट केलंस तर पेंड एका कोपऱ्यात गोळा होते. फावड्याने तीनदा ढीग पालट आणि पाणी शिंपडत जा. मुठीत दाबल्यावर लाडू व्हावा, बोटाने टोचल्यावर फुटावा आणि बोटांतून पाणी टपकू नये, इतकं ओलं ठेव.

हे ढिगातच दोन आठवडे झाकून ठेव. पेंड सुरुवातीला तापते. भरल्या भरल्या रोप लावलंस तर मुळं पोळतात.

त्या दोन आठवड्यांत एक चाचणी कर, कारण तुझं तूस आणि तुझं पीट कसं निघेल ते मी इथून सांगू शकत नाही. दोन लिटरची बाटली वरून काप, बुडाला चार भोकं पाड आणि चिकटपट्टीने बंद कर. आत एक लिटर मिश्रण ओत, बाटली जमिनीवर दोन-तीनदा आपट, दाबू नकोस. कडेने सावकाश पाणी सोड, पृष्ठभाग चकाकेपर्यंत. अर्ध्या तासाने पातळी उतरलेली असेल, पुन्हा भर. मग मोजपात्रावर धरून पट्टी काढ आणि दहा मिनिटांत गळलेलं पाणी मोज. गळालं तेवढी जागा हवेची. १५० ते २०० मिली आलं तर मिश्रण बरोबर. १०० च्या खाली आलं तर एक-दोन घमेली परलाइट किंवा तूस वाढवून पुन्हा मोज. ३०० च्या वर गेलं तर मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी घालावं लागेल. बाटली बुटकी असते, त्यामुळे खऱ्या बॅगेत हवा याहून थोडी जास्तच मिळते. हाच हिशेब पुण्यातल्या कोरड्या हवेत बदलतो: तिथे दहा हिश्शांत लाल माती तीन हिस्से आणि परलाइट-तूस मिळून एकच हिस्सा केला तरी निभतं. तुझ्याकडे जुलै काढायचा आहे.

रोपांसाठी ट्रेमध्ये चाळलेलं पीट तीन भाग आणि गांडूळखत एक भाग, बस्स. पेंड नाही, खत नाही. रोपं मानेशी बारीक होऊन आडवी पडायला लागली तर ओल जास्त आहे. पाणी कमी कर, ट्रे वाऱ्याला ठेव. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) आधी मिसळलेला असेल तर मदत होते, पडलेलं रोप मात्र उठत नाही.

लावल्यावर पहिल्या महिन्यात मिश्रण खाली बसेल, वरून भर घाल. वर पांढऱ्या छत्र्या उगवल्या तर उपटायची घाई करू नकोस, त्या कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर जगतात. बारीक काळ्या माश्या घोंघावायला लागल्या तर खत कच्चं आहे किंवा वरचा थर सतत ओला आहे. दुपारी पानं मलूल दिसली की लगेच पाणी घालू नकोस, आधी बोट दोन पेरं आत घाल. आत ओलं असेल तर मुळांना हवा मिळत नाहीये, आणि त्यावर पाणी घातलंस तर झाड गेलंच समज.

आणि आता तुझं खत. पीट स्वतः झाडाला जवळपास काही देत नाही, आणि गांडूळखतातलं महिनाभरात पावसाबरोबर भोकांतून वाहून जातं. चौथ्या आठवड्यापासून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) लिटरला २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, मुळाशी. फुलं लागली की एक आठवडा हे आणि एक आठवडा कॅल्शियम नायट्रेट लिटरला २ ग्रॅम. बॅगेच्या काठाला पांढरा पापुद्रा दिसला तर क्षार साचलेत: खत थांबव आणि बॅगेच्या दुप्पट, म्हणजे ७०-८० लिटर साधं पाणी टप्प्याटप्प्याने सोड. सेंद्रियच करायचं असेल तर शेणखताचं पाणी चालेल, पण गाळून, नाहीतर गाळ पोकळ्यांत बसतो.

हंगाम संपल्यावर मिश्रण फेकू नकोस. मुळं काढ, ओलं कर, मे महिन्यात गच्चीवर पातळ पसर आणि पारदर्शक प्लॅस्टिकखाली कडा दाबून पाच-सहा आठवडे ठेव. नंतर पाव भाग नवं खत आणि एक-दोन घमेली भरड माल घातला की पुन्हा तयार. अपवाद एकच. हिरवंगार वांगं किंवा टोमॅटो एका दिवसात माना टाकून वाळलं तर बुडाजवळचं बोटभर खोड काप आणि स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगतं धर. पाच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी तार खाली उतरायला लागली तर ती जिवाणूजन्य मर. कोकणच्या दमट उष्ण हवेत ती बरीच आढळते. त्या बॅगेतलं मिश्रण उन्हात तापवूनही टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाट्याला परत वापरू नकोस, गच्चीखाली शोभेच्या झाडाला टाक. खुरपं आणि कात्री धुऊन मगच दुसऱ्या बॅगेला लाव.

पाऊस ७-१० जूनच्या सुमारास धरलास तर पीट भिजवायला या शनिवारीच सुरुवात कर. टीडीएसचे दोन्ही आकडे कळव, धुणं पुरलं की नाही ते सांगतो.

तुझा,
सुहास