सीएनसी राउटरचं किट निवडताना

प्रिय सुहास,

तुझी यादी बघितली. वरची दोन किट सरळ काट. ३०१८ म्हणून मिळतात ती यंत्रं म्हणजे ३०० बाय १८० मिमीची जागा आणि ७७५ जातीची चिमुकली डीसी मोटर. नावं कोरायला ठीक आहेत, पण १८ मिमी प्लायमधून ६ मिमीचं कटर ओढणं त्यांच्या आवाक्यातलं नाही.

सगळे आधी विचारतात, स्पिंडल किती वॅटचा आणि बेड केवढा. तू आधी लचक विचार. मोटर, ड्रायव्हर, स्पिंडल पुढे बदलता येतात. सांगाडा बदलायचा म्हणजे नवं मशीनच घेणं. मोठ्या बेडचा मोह म्हणूनच आवर. गॅन्ट्रीचा बीम तोच ठेवून लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच जोराला तो आठपट वाकतो. पहिल्या मशीनला ६०० बाय ६०० पुष्कळ झालं. टेबल मात्र बेडच्या मापाने करू नकोस, चहूबाजूंनी बरीच जादा जागा लागते.

फक्त दोन टोकांना धरलेले गोल रॉड असतील तर ते किट नको. एक्स्ट्रुजनवर धावणारी प्लॅस्टिकची चाकं हलक्या कामाला चालतात, पण भुसा दाबला गेला की त्यांना चपटे डाग पडतात आणि ते डाग कडेवर उमटतात. निदान १५ मिमीच्या लिनिअर रेल बघ. झेडकडे तर जास्तच लक्ष दे, कारण बहुतेक किटवाले काटकसर तिथेच करतात. जोडलेलं मशीन बघायला मिळालं तर मोटर चालू ठेवून, म्हणजे त्या जागेवर धरून असताना, कोलेटमध्ये जाड पिन बसव, तिला डायल गेज टेकव आणि पिन बाजूने जोरात दाब. साधारण पाच किलोच्या जोराला काटा ०.२ मिमीच्या पुढे गेला, तर सागासारख्या लाकडात कडा खवल्याखवल्यांची येणार.

कठीण लाकडात बेल्ट ताणला जातो. लीड स्क्रू स्वस्त, पण नट झिजला की दिशा बदलताना ढिलाई येते आणि वर्तुळं बिघडतात. मी १६०५ बॉल स्क्रू घेईन: १६ मिमी जाडी, एका फेऱ्याला ५ मिमी. २०० स्टेपची मोटर आणि १/८ मायक्रोस्टेप धरले तर मिलिमीटरला ३२० स्टेप. त्याची एक खोड आहे. वीज गेली की जड स्पिंडल झेडवरून आपसूक खाली घसरू शकतो, म्हणून काम थांबवलं की खाली लाकडाचा ठोकळा ठेवत जा. मोटर नेमा २३ घे, १७ नको.

लचकीचा आणि जळक्या कडेचा संबंध आता हिशेबाने बघ. दोन धारांचं कटर, १८,००० आरपीएम, दर धारेला ०.०५ मिमीचा छिलका: मिनिटाला १,८०० मिमी वेग हवा. लेचंपेचं मशीन त्या वेगाला थरथरतं, मग माणूस वेग ४०० वर आणतो. कटर कापायचं सोडून घासायला लागतं, लाकूड काळं पडतं, धार जाते, आणि दोष कटरवर येतो. थरथर झाली तर आधी खोली कमी कर, वेग नंतर.

स्पिंडलसाठी सुरुवातीला ट्रिम राउटर पुरे. आवाज भयंकर असतो, कानाला मफ लाव. वॉटरकूल्ड स्पिंडल शांत, पण व्हीएफडी, पंप, नळ्या असा सगळा संसार सोबत येतो.

जोडताना घाई करू नकोस. फ्रेमचे दोन्ही कर्ण मोज: ६०० च्या चौकोनात कर्णांत १ मिमी फरक म्हणजे काटकोन सुमारे ०.७ मिमीने चुकलेला. वायला दोन मोटर असतील तर दोन्ही बाजूंना वेगळे लिमिट स्विच आणि वेगळे ड्रायव्हर हवेत, म्हणजे होमिंगच्या वेळी गॅन्ट्री आपली आपण सरळ होते. दोघींना एकच सिग्नल देणाऱ्या कंट्रोलरला हे जमत नाही. स्पिंडल बेडला काटकोनात आणल्यावरच वरचा एमडीएफ सपाट करून घे. उलट क्रमाने केलंस तर पृष्ठभागावर पायऱ्या उमटतात.

व्हॅक्युमच्या नळीत स्थिर वीज साचते आणि मध्येच यूएसबी तुटतो, अख्खी फळी वाया. नळीतून उघडी तार ओढून अर्थिंगला जोड. इमर्जन्सी स्विचने राउटरसुद्धा बंद झाला पाहिजे, नुसत्या मोटर थांबून उपयोग नाही.

उरलेल्या तीन किटच्या रेलची जाडी आणि झेडचे फोटो पाठव, मग ठरवू.

तुझा,
अविनाश