जळगावच्या काकूंना, गच्चीवरून

ती. काकू यांस,
सा. न. वि. वि.

काल सकाळी गच्चीवर जुनी नऊवारी अंथरून तिच्यावर गहू पसरला. अर्ध्या तासात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काकू सुरतेला, मग यंदा तुमची कोठी कोण भरणार?" मी म्हटलं, मीच. म्हटलं खरं, पण दुपारी दोनदा वर जाऊन दाणा दाताखाली धरून पाहिला. कट्ट असा आवाज आला. दुसऱ्यांदाही आला. तरी तुम्ही असतात तर बरं झालं असतं, असं वाटलंच.

तुम्ही इथून, नाशिकहून, सुरतेला लेकीकडे गेलात त्याला दिवाळीपासून पाच महिने झाले. फोन होतो आपला, पण आभाराचा 'आ' काढला की तुम्ही तूरडाळीचा भाव विचारता. म्हणून लिहिते आहे, नात वाचून दाखवेल. आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण एक गोष्ट सगळ्यांसमोर बोलायची होती आणि मी बोलले नव्हते. ती पुढे येईलच.

2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या घरात एकच गोष्ट भरपूर होती, गहू. बातम्या ऐकून ह्यांनी पन्नास किलोचं पोतं आणून टाकलं होतं. नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात ह्यांचं काम बंद, पगार अर्ध्यावर, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा वर्षाचं धान्य भरणार म्हणून अंगात वारं शिरलेलं. दिवसभर गॅलरीत ऊन दाखवलं, चार वाजता गरमागरम गहू कोठीत ओतला आणि झाकण घट्ट लावून टाकलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात उघडलं तर झाकणाला आतून ओल, कुबट वास, आणि वरच्या थरात सोंडे वळवळतायत. मी तिथंच फरशीवर बसले. तुम्ही नेमक्या विरजण मागायला आलात.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात गव्हात घातला. मग म्हणालात, "आत ऊब आहे. गहू गरम भरला का वं तू?" मी हो म्हटलं. "गरम पोळ्या डब्यात झाकून ठेवल्या तर काय होतं?" पाणी सुटतं, मी म्हणाले. "मग?"

बस्स, एवढंच. त्या 'मग'नंतर मी गहू कधी गरम भरला नाही. दोन दिवस कडक ऊन, रात्रभर घरात फरशीवर पसरून गार करायचा, सकाळी भरायचा. कोठी विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर. कडुनिंबाचा पाला सावलीत कडकडीत वाळवलेला, कारण ओला घातला तर आपणच ओल घातली. तुम्ही हे शिकवताना कधी 'असं करायचं असतं' म्हणाला नाहीत. प्रत्येक वेळी एक प्रश्न आणि वर तो 'मग?'

त्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर पोतंभर गहू गच्चीपर्यंत चढवलात. वयाच्या सत्तरीत. मी नको नको म्हणत होते आणि तुम्ही पुढचं टोक धरून केव्हाच जिन्यात. उन्हात पसरला तसे सोंडे साडीच्या काठाकडे, टाकीच्या सावलीकडे पळत सुटले. आमचा धाकटा ती पळापळ बघत तासभर पोटावर पडून होता. चाळणीने चाळून, पोकळ दाणे पाण्यावर तरंगवून, पुन्हा वाळवून पस्तीस किलो वाचला. उरलेला पाखरांना.

आणि त्या गोळ्या! वाण्याने मला पुडीत चार गोळ्या बांधून दिल्या होत्या, 'कोठीत टाका, कीड फिरकणार नाही' म्हणून. तुम्ही पुडी उघडून नुसती पाहिलीत आणि पहिल्यांदाच तुमचा आवाज चढलेला ऐकला. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या होत्या त्या. हवेतल्या ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो, बंद खोलीत झोपलेली माणसं दगावतात. मुलांच्या खोलीत, त्यांच्या उशापासून दोन हातांवर मी ती कोठी ठेवली होती. हे लिहिताना अजून पोटात गोळा येतो. बाकी सगळे आभार बाजूला ठेवले तरी एवढ्या एकासाठी हे पत्र लिहायला हवं होतं.

डाळींचं मी पटकन शिकले. दहा किलो तुरीला तीन-चार चमचे एरंडेल, हाताला लावून चोळायचं. तांदळाला मात्र ऊन दाखवायचं नाही, तो तडकतो आणि भाताची कणी होते. रवा आणल्या दिवशी भाजायचा. तिखटाच्या बरणीत हिंगाचे खडे. हे सगळं आईलाही येत होतं म्हणे. मी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. तिच्या मते शिकलेल्या मुलीला हे कशाला.

गच्चीचं प्रकरण वेगळं. ते लिहायला घेतलं की हसू येतं.

रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या मी गोळा केल्या होत्या आणि काठोकाठ माती भरून ठेवली होती. तुम्ही एक उचलून पाहिलीत, खाली ठेवलीत. "स्लॅबवर शेत न्यायचं का?" मग सगळ्या ओतल्या. तळाला भोकं, त्यावर नारळाच्या शेंड्या, त्यावर रसवंतीवाल्याकडून आणलेलं उसाचं चिपाड, मग वाळका पाला दाबून दाबून, आणि वर फक्त वीतभर माती आणि शेणखत. बादली निम्म्याहून हलकी झाली. पाला खाली बसत गेला की वर आणखी घालायचा. माझ्याकडे आता ओला कचरा घंटागाडीत जातच नाही, आंब्याच्या कोयी सोडल्या तर.

तो पहिला दुधी आठवतो का? मांडवावर वेल चढला, फुलं मायंदाळ, आणि मागे बोटभर दुधी धरला की दोन दिवसांत पिवळा पडून गळायचा. मी खत घातलं, ताक घातलं, यूट्यूबवर पाहून आणखी काय काय घातलं. तुम्ही विचारलंत, "फूल कधी उमलतं याचं?" मला ठाऊक नव्हतं. मी रोज सकाळी झाडाला पाणी घालणारी बाई. सकाळी फुलं मिटलेली दिसायची, मला वाटायचं सुकली. संध्याकाळी सातला तुम्ही टॉर्च घेऊन वर आलात आणि दाखवलंत, दुधीचं पांढरं फूल दिवस कलला की उघडतं. लांब बारीक देठाचं ते नर. ज्याच्या पाठीला लवदार, इवलासा दुधी असतो ते मादी. नर फूल तोडून पाकळ्या मागे सोलल्या आणि मधला पिवळा परागाचा बोंडा मादी फुलाच्या आत हलकेच फिरवलात. "चार मजले चढून पाखरू येईल न येईल. तोवर लग्न आपणच लावायचं." धाकटा मागून मंगलाष्टकं म्हणत होता. तिसऱ्या दिवशी दुधीने मान खाली घातली आणि फुगायला लागला. त्या वेलाचे सात दुधी निघाले. सातव्याचा हलवा तुमच्याकडे पोचवला होता, साखर जास्त झाली म्हणून तुम्ही तोंड वाकडं केलंत, तेही लक्षात आहे.

मला लोक विचारतात, गच्चीवर पिकवून भाजीचा खर्च वाचतो का. मी खरं सांगते. कढीपत्ता, मिरची, अळू, गवती चहा, पुदिना विकत आणावा लागत नाही. मेथी हिवाळ्यात महिन्याला दोन जुड्या निघते. आठवड्यातले दोन-तीन दिवस वरचं खातो, बाकी बाजारचंच. कांदे-बटाटे तर सोडाच. 'स्वावलंबन' म्हणून मी एकदा भाषण ठोकलं तेव्हा तुम्ही पदर तोंडाला लावून हसत होतात. पण महिनाअखेरीला ह्यांचा पगार अडकला की घरात काय आहे, कुठे आहे आणि किती दिवस पुरेल हे मला न बघता सांगता येतं. चार माणसांना वर्षाला दीड क्विंटल गहू, हा आकडा तुम्हीच माझ्या वहीत लिहायला लावलात, 2021च्या पाडव्याला. पुढच्या पाडव्याला बारा किलो उरला. त्याच्या आदल्या वर्षी किती लागला हे मला सांगता आलं नसतं.

द्राक्षांच्या हंगामात आपण बेदाणे केले ते तुम्हालाही नवीन होतं. घडातून गळलेले सुटे मणी नाशकात स्वस्त मिळतात, आपण चार किलो आणले. "मी केले नाहीत कधी, पण वाळवणच ना ते," म्हणालात आणि पाणी उकळत ठेवलंत. मणी मिनिटभर उकळत्या पाण्यात, साल तडकली की निथळून कापडावर. पहिला घाणा ढगाळ हवेत आंबला आणि फेकला. दुसऱ्याचे जेमतेम थोडे हाती लागले. काळपट, दुकानच्यासारखे हिरवे नव्हेत, पण शिऱ्यात घातल्यावर रंग कोण बघतं.

बिबड्यांबद्दल, म्हणजे तुमच्या त्या ज्वारीच्या पापडांबद्दल, लिहायचं तर हे पत्र संपणार नाही. भिजवलेल्या ज्वारीचा तो आंबूस वास जिन्यात दरवळला की सगळ्या मजल्यांवरची पोरं वर. पातेल्यात रवा रटरटतोय, तुम्ही लाकडी दांड्याने हाटताय, तीळ, लसूण, मिरची. मग खाटेवर ओलं धोतर आणि पाण्याचा हात लावून थापत जायचं. माझे बिबडे कडेला जाड आणि मध्ये भोक. तुमच्या बिबड्यातून पलीकडचं धोतर दिसायचं. दुपारी ते अर्धे सुकले की उलटायच्या निमित्ताने निम्मे आमच्या पोटात, वर कच्चं तेल आणि शेंगदाणे. तुम्ही मुद्दाम दोन किलो जास्त भिजवायच्यात, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

ह्यांना कळण्याची भाकरी तुम्ही शिकवलीत. तुमचा शब्द, 'ज्वारी चार तर उडीद एक, आणि मीठ दळतानाच.' पहिल्या पंधरा भाकऱ्या महाराष्ट्राच्या नकाशासारख्या. आता रविवारची भाकरी त्यांची असते आणि ते मला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. यात तुमचा दोष आहे, गंमत म्हणून नोंदवून ठेवते.

आता ती राहिलेली गोष्ट.

2022च्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावर छत गळलं आणि सोसायटीची मीटिंग बोलावली. एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, या बादल्यांमुळेच गळतंय, आणि हे खेड्यातलं खूळ आपल्याकडे कुणी आणलं ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही मागच्या खुर्चीवर बसला होतात. बादल्या अठरा होत्या, त्यातल्या अकरा माझ्या. मला उठून एवढंच म्हणायचं होतं की बहुतेक बादल्या माझ्या आहेत आणि सगळ्या विटांवर आहेत. मी मोबाइलमध्ये बघत बसले. मला वाटलं, वाद नको. तुम्ही काही न बोलता उठून गेलात.

पंधरा दिवसांनी प्लंबरने टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपची चीर शोधून काढली. कुणी तुम्हाला सांगायला आलं नाही, मीही नाही. त्या पंधरा दिवसांत तुम्ही आमच्याकडे अळूची पानं पाठवलीत, वर निरोप, "चिंच जास्त घाल, खाजरी आहेत."

तेव्हा हे आता सगळ्यांच्या देखत: त्या बादल्या माझ्या होत्या, आणि गळती पाइपची होती. माफ करा, काकू.

गच्चीवर आता सव्वीस बादल्या आहेत, चार त्या गृहस्थांच्या सूनबाईंच्या. तिला टॉर्च घेऊन संध्याकाळी वर यायला मी सांगितलंय. प्रश्न विचारून 'मग?' म्हणायचं मला मात्र जमत नाही, मी लगेच उत्तर देऊन मोकळी होते.

शेवटचं, कामाचं. तुम्ही जाताना भरताच्या वांग्याच्या बियांची पुडी दिली होतीत, पिवळं पिकलेलं वांगं कुस्करून, पाण्यात तळाला बसलेलं बी राखेत घोळवून ठेवलेलं. ती देवघराच्या खणात आहे, ओल लागलेली नाही, कालच पाहिली. पण तुम्ही नाशिकला रोप कधी टाकायचं ते सांगितलं नाहीत. मृगाची वाट बघू, की मेअखेरीला सावलीत टाकून ठेवू? यावर मात्र फोन करा, आणि भाव विचारू नका.

मुलांचा आणि ह्यांचा नमस्कार. लेकीला आशीर्वाद.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची