मस्यू नानांचं टेबल

प्रिय ताई,

खरं तर ताई म्हणायचा हक्क नानांचा. माझे सासरे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ताई अशी हाक मारत होते आणि तुम्हाला वाटायचं की त्यांना काहीतरी हवंय, म्हणून प्रत्येक हाकेला तुम्ही पाण्याचा जग घेऊन हजर. सहा दिवसांत नाना जेवढं पाणी प्याले तेवढं वारीत पण प्याले नसतील.

पत्र मराठीत लिहितेय कारण नानांची अट आहे, आधी मला वाचून दाखवायचं आणि मगच पाठवायचं. तुमचा फोन करेल काहीतरी भाषांतर. त्याने तेव्हा माळकरीचं "नेकलेसवाला माणूस" केलं होतं आणि तुम्ही गंभीरपणे मान डोलावली होती, तसंच याचंही होईल, चालेल.

तुमच्या पबचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. तुम्हीच म्हणाला होतात ना, फेब्रुवारीत अजून एक जरी गिऱ्हाईक वाढलं तर मी दार आतून लावून घेईन.

आता त्या शनिवारचं. आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो, लेकीच्या शाळेला फेब्रुवारीत आठवडाभर सुट्टी असते आणि तिच्या वर्गातली अर्धी पोरं स्कीइंगला जातात, म्हणून यंदा आम्ही पण हौस केली. नानी गेल्यापासून नाना कोरेगावात एकटेच, हिवाळ्यापुरतं त्यांना कसंबसं इकडे आणलेलं, मग त्यांना रेडिंगच्या घरात कोंडून आपण बर्फात खेळायला कसं जाणार. ज्या एजंटकडून ट्रिप घेतली त्याला मी तीनदा विचारलं की बाबा, बरोबर 72 वर्षांचे गृहस्थ आहेत, ते काही स्की करणार नाहीत, तर तो म्हणे नो प्रॉब्लेम, सीनियर सिटिझनसाठी तिथे भरपूर आहे. भरपूर म्हणजे काय ते आम्हाला शेवटपर्यंत सापडलं नाही. जिनिव्हाहून आलेल्या गाडीने आम्हाला पावणेअकराला तुमच्या आर्जांतियेरच्या, म्हणजे फ्रान्सच्या आल्प्समधल्या शामोनीजवळच्या गावाच्या, रस्त्यावर उतरवलं आणि ती गेली, फ्लॅटची किल्ली मिळणार संध्याकाळी पाचला, सामान ठेवायची खोली म्हणून जी सांगितली होती तिला कुलूप, आणि एजंटच्या फोनवर नुसतं संगीत. बाहेर उणे सात. मोंढ्यात पोती उतरवावीत तसे आम्ही चौघं आणि पाच बॅगा.

तुमच्या आधी आम्ही अजून एका ठिकाणी गेलो होतो हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. चांगलं, भिंतीभर पाट्या लावलेलं हॉटेल. दोनला दहा कमी होती. दुपारी दोनला तुमच्याकडे किचन बंद होतं हे आता मला माहितीय, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण त्या माणसाने घड्याळाकडे बघायच्या आधी आमच्या बॅगांकडे बघितलं, मग नानांच्या माकडटोपीकडे, आणि मग घड्याळाकडे. तीन टेबलं रिकामी होती. नुसतं बसू का, चहा घेतो, असं विचारलं तर हसून दार लोटलं. नानांना भाषा कळत नाही पण दार कळतं. ते म्हणाले, चला, यांचा टाइम झाला असेल.

आणि मग तुमचं दार. तिथे वेगळीच पंचाईत, नानाच आत यायला तयार नाहीत. गळ्यात माळ घालून गुत्त्यात बसू काय म्हणे. नवरा म्हणाला, नाना, गुत्ता नाही हो, खानावळ आहे, दारू पण मिळते एवढंच. नाना म्हणाले मग गुत्ताच की. हा वाद उंबऱ्यावर चालू आणि गरम हवा सगळी बाहेर जातेय, तर तुम्ही काउंटरमागून आलात, एक शब्द न बोलता सगळ्यात मोठी बॅग उचललीत आणि बिअरच्या पिंपांमागे नेऊन ठेवलीत. बॅगच आत गेली म्हटल्यावर नाना काय करणार. गेले तिच्या मागे.

किचन तुमचं पण बंद झालं होतं. तरी तुम्ही कांद्याचं सूप गरम करायला घेतलंत आणि मधेच थांबून नानांच्या गळ्याकडे बोट केलंत, धर्माचं आहे का म्हणून विचारलंत, आणि मी हो म्हटल्यावर ते सूप परत ठेवून दिलंत कारण त्यात गोमांसाचं पाणी असतं. हे आम्ही विचारलं नव्हतं, आम्हाला माहीतच नव्हतं, मेन्यूवर नुसतं कांद्याचं सूप लिहिलेलं. नंतरच्या दिवसांत पण तसंच, तुम्ही आधीच सांगायचात, वितळलेल्या चीजच्या फाँड्यूमध्ये व्हाइट वाइन असते, बटाटा-चीजच्या तार्तिफ्लेतमध्ये डुकराचे तुकडे असतात ते मी काढून नाही, वेगळं करून देते. काढून आणि वेगळं करून यातला फरक ज्याला कळतो त्याच्या हातचं डोळे झाकून खावं. त्या दिवशी नाना उकडलेले बटाटे आणि वितळलेलं चीज जेवले आणि म्हणाले की बाई स्वच्छ आहे.

पण पत्र लिहायला बसले ते याच्यासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही साडेनऊला आलो ते विचारायला की स्कीचे बूट भाड्याने घेऊन लेकीचं क्लासमध्ये नाव घालेपर्यंत, म्हणजे तासभर, नाना इथे बसले तर चालतील का. विचारायची वेळच आली नाही. खिडकीजवळच्या, हीटरला लागून असलेल्या त्या दोन माणसांच्या टेबलावर ती लाकडी पाटी आधीच उभी होती. रेझर्व्हे, म्हणजे राखीव. एका कोपऱ्याचा टवका उडालेली, अक्षरं जाळून काढलेली. सोमवारी तिच्याखाली खडूने लिहिलेली चिठ्ठी पण आली, मस्यू नाना, म्हणजे श्रीयुत नाना. आमच्या लेकीने वाचून दाखवली तेव्हा नानांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, त्यांना फ्रेंच वाचता येत नाही तरी.

त्या टेबलाची किंमत मला नंतर कळली. फ्रान्सच्या शाळांच्या सुट्ट्या विभागवार पुढेमागे असतात, त्यात आमची इंग्लंडातली पोरं, म्हणजे फेब्रुवारी हा तुमचा सुगीचा महिना, वर्षाची कमाई त्यातच. बारा वाजता स्कीवाले खाली उतरले की खटॅक खटॅक बूट वाजवत आत घुसतात, दारात रांग लागते, खिडकीचं टेबल दुपारच्या दोन तासांत दोनदा तरी फिरत असेल. आणि तिथे सकाळी दहा ते दुपारी चार एक म्हातारा एका चहावर बसलेला. चहा पण कसला, तो लिंबूवाला पांचट चहा त्यांनी पहिल्या दिवशी परत सारला, मग तुम्ही कॉफीच्या मशीनच्या वाफेवर दूध तापवून त्यात दोन पुड्या बुडवायला लागलात.

बुधवारी माझ्या बुटांनी नडग्या सोलून काढल्या म्हणून मी ल टूरच्या शिकाऊ उतारावरून लवकर परत आले. स्की खांद्यावर, दाराच्या काचेतून आत बघतेय. आठ जणांचा ग्रुप उभा होता, चांगल्या महागड्या कपड्यातला, आणि त्यातला एकजण नानांच्या टेबलाकडे हात करून तुमच्याशी बोलत होता. काय बोलत होता ते ऐकू आलं नाही पण कळायला ऐकायला कशाला लागतं, एक म्हातारा, एक रिकामा कप, हे टेबल त्या टेबलाला जोडलं की आमचे आठ बसतात. मला एकदम शरम वाटली, वाटलं आत जावं आणि नानांना उठवावं, सॉरी म्हणावं. दाराला हात लावला होता मी.

तुम्ही त्याला काहीच उत्तर दिलं नाहीत. फडकं घेतलंत, नानांच्या टेबलापाशी गेलात, ते पुसलंत, रिकामा कप उचललात, आणि मग कापडी नॅपकिन घडी करून ठेवलात, डावीकडे काटा, उजवीकडे सुरी, वर चमचा, पाण्याचा ग्लास. जसं काही यांचं जेवण आता येतंय. पाटी सरळ केलीत. आणि मग त्या माणसाकडे वळून खांदे उडवलेत.

नाना तेवढ्यात काय म्हणाले माहितीय का तुम्हाला? तुम्हाला वाटलं असेल आभार मानले. ते म्हणाले, ताई, जेवण झालंय माझं मघाशीच. आणि टोपी काढून मांडीवर ठेवली, कारण पान मांडल्यावर टोपी घालून बसायचं नाही.

मी बाहेरच उभी राहून रडले, बर्फात, स्की खांद्यावर घेऊन, आणि तो ग्रुप बाहेर पडताना मला ओलांडून गेला.

नानांना हे कधी सांगितलं नव्हतं, आज पत्र वाचताना पहिल्यांदा कळेल. नानी गेल्यावर आमच्याकडे नाना नेहमी खुर्चीच्या टोकावर बसायचे, कुणी आलं की उठायच्या तयारीत. मी हजारदा म्हटलं असेल नीट टेकून बसा. तुमच्या खिडकीत ते टेकून बसायला लागले. खिडकीतून बसचा थांबा दिसायचा आणि आमचे नाना म्हणजे 31 वर्षं एसटीचे ड्रायव्हर, सातारा-महाबळेश्वर, केळघरचा घाट धुक्यात तोंडपाठ. संध्याकाळी आम्ही आलो की स्कीइंग कसं झालं हे नाही विचारायचे, सव्वाअकराच्या बसवाल्याने चाकाला साखळ्या लावून बर्फात गाडी कशी काढली ते सांगायचे, आणि तुम्ही मान डोलवायचात जसं काही तुम्हाला सगळं कळलंय. त्यांचं इंग्लिश म्हणजे रिव्हर्स, डिझेल, ब्रेक ऑइल, तेवढ्यात तुमच्या दोघांचं काय बोलणं व्हायचं देव जाणे.

मंगळवारी सकाळी डोंगरात धडाधड आवाज झाले तेव्हा आम्ही उतारावर होतो, नाना घाबरले असतील म्हणून जीव थाऱ्यावर नव्हता. तर तुम्ही त्यांना बाहेर नेऊन हाताने दाखवलं होतं की ताजा बर्फ साचला की तो आपणच सुरुंग लावून पाडायचा, नाहीतर तो त्याच्या मनाने येतो. शेजारच्या माँत्रॉक गावात 9 फेब्रुवारी 1999 ला असाच आला आणि 12 माणसं गेली, हे तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत, त्यांना नाही. नाना नुसते म्हणाले, दरडीसारखंच आहे, आधी पाडलेली बरी.

आणि गुरुवारची रात्र. मुंबईचा विषय निघाला आणि तुम्ही एकदम एअर इंडिया म्हणालात. आम्हाला वाटलं तिकिटाचं विचारताय. मग तुम्ही फोनवर फोटो काढून दाखवलात, बोसाँ हिमनदीजवळच्या एका कॅफेवाल्याला 2020 मध्ये बर्फात सापडलेले आपले पेपर, इंदिरा गांधींची बातमी असलेले, 1966 च्या जानेवारीतले, त्याने वाळत घातलेले. माँ ब्लाँवर पडलेल्या एअर इंडियाच्या कांचनजंगा नावाच्या विमानातले, 24 जानेवारीचं विमान, 117 माणसं, त्यात होमी भाभा. नाना एकदम ताठ बसले. ते तेव्हा शाळेत होते, मास्तरांनी प्रार्थना झाल्यावर सांगितलं होतं, शास्त्रीजी जाऊन पंधरवडा पण झाला नव्हता. आल्यापासून रोज ज्या डोंगराकडे बघतोय तो हाच, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. शुक्रवारी आम्ही बसने शामोनीच्या खाली जाऊन बोसाँची ती बर्फाची जीभ रस्त्यावरूनच बघून आलो. नानांनी टोपी काढली, हात जोडले.

त्या गिर्यारोहकाची गोष्ट पण तुमचीच. त्याला 2013 मध्ये त्याच बर्फात पाचू आणि नीलमण्यांची पेटी सापडली, त्याने सरळ पोलिसांकडे नेऊन दिली, आणि वारस मिळाले नाहीत म्हणून 2021 मध्ये अर्धा वाटा त्याला, अर्धा शामोनीला. नानांना ही गोष्ट इतकी आवडली की कोरेगावात फोन करून तिघांना सांगितली. प्रवाशाची विसरलेली पिशवी डेपोत जमा करायची, त्यात काय विशेष, असं म्हणत म्हणत सांगितली. माणूस सरळ असला की त्याला सरळपणा विशेष वाटत नाही बहुतेक. आमच्या एजंटला वाटतो, त्याच्याकडून अजून सामानखोलीचे पैसे परत आलेले नाहीत, मात्र परवा मेल आला, तुमचा अनुभव कसा होता, पाच तारे द्या.

लेकीला क्लासच्या शेवटी फ्लोकाँचं, म्हणजे नवशिक्या पोरांच्या पातळीचं, मेडल मिळालं, तिने ते तुमच्या काउंटरवर सगळ्यांना दाखवलं. मला काही मिळालं नाही, मी अजून ब्रेक लावायला बसकण मारते.

निघताना तुम्ही ती पाटी नानांना द्यायला लागलात. त्यांनी घेतली नाही. मला वाटलं लाजतायत, पण बसमध्ये म्हणाले, पाटी तिथंच पाहिजे, उद्या दुसऱ्या कुणाचा म्हातारा येईल.

बाकी नाना मार्चमध्ये गावी गेले. आत्ता व्हिडिओ कॉलवर बसून हे ऐकतायत, बुधवारच्या गोष्टीला काहीच बोलले नाहीत, बराच वेळ खिशात काहीतरी शोधत होते. मग म्हणाले ताईला विचार, तुमच्या खिडकीच्या खिटीचा स्क्रू ढिला होता, गार वारं यायचं, तो मी दहाच्या नाण्याने आवळला होता, परत सैल झाला का. झाला असेल तर नाणं तिथंच चौकटीवर ठेवलंय, जरा दाबून धरून उजवीकडे फिरवा म्हणे.