जुन्या जलकुंभांकडे वास्तू म्हणूनही पाहावे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शहरात नवे जलकुंभ उभे राहत असताना मुदत संपलेले जुने जलकुंभ पाडावे लागतात, हे मान्य आहे. मात्र असा निर्णय केवळ बांधकामाच्या मजबुतीवर होऊ नये. ती वास्तू शहराच्या दृष्टीने काय मोलाची आहे, याचाही विचार पाडण्यापूर्वी व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अंबाझरी, गोरेवाडा, कन्हान आणि पेंच अशा क्रमाने नागपूरच्या पाण्याचा पल्ला वाढत गेला. अंबाझरीचा उल्लेख निघाला की आपण अभिमानाने भोसल्यांचे नाव घेतो. पण तेच पाणी उंचावर साठवून घराघरांत पोहोचवणारी टाकी आपल्या नजरेत कधी भरत नाही. आमच्या भागातील जुन्या टाकीचे खांब वर जाताना किंचित आत झुकतात, त्यांना आडव्या तुळयांची कडी जागोजागी बांधून ठेवते आणि काँक्रीटवर सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे, लाकडाच्या रेषांसकट, अजून दिसतात. बाहेरच्या पट्टीवरचा काटा आतल्या तरंगत्या गोळ्याला तारेने जोडलेला असल्यामुळे टाकी भरली की तो खाली येतो आणि रिकामी झाली की वर चढतो. दर दहा मीटर उंचीमागे चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो, या साध्या हिशेबावर उभी असलेली ही रचना आहे, आणि तिच्यात शोभेसाठी म्हणून काहीही केलेले नसतानाही ती देखणी आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

शिकागो शहरात 1869 साली चुनखडीच्या दगडात बांधलेला जलमनोरा आजही मिशिगन अव्हेन्यूवर उभा आहे. त्यात पाण्याचा साठा नव्हताच. पंपांच्या ठोक्यांनी कमीजास्त होणारा दाब स्थिर राहावा म्हणून बसवलेला एक उंच उभा नळ झाकण्यासाठी वास्तुविशारद विल्यम बॉयिंग्टन यांनी हा किल्ल्यासारखा मनोरा रचला. 1871 च्या भीषण आगीत शेजारच्या पंपघराचे छप्पर कोसळून पाणी बंद पडले, मनोरा मात्र वाचला. पुढे तो नळ निरुपयोगी होऊन काढला गेला, तरीही शहराने मनोरा जपला आणि आता तेथे कलादालन आहे.

त्याहून जवळचे उदाहरण कोलकात्याच्या टाला टाकीचे आहे. 1911 मध्ये सुरू झालेली, सुमारे 110 फूट उंचीची आणि 90 लाख गॅलन क्षमतेची ही पोलादी टाकी आजही वापरात आहे. तिचे चार कप्पे असल्यामुळे एक रिकामा करून दुरुस्त करता येतो आणि शहराचे पाणी तुटत नाही. जुनी टाकी राखणे म्हणजे ती निकामी करून कुंपणात ठेवणे नव्हे, हे त्यातून दिसते.

प्रत्येक जलकुंभ वाचवावा, असा माझा आग्रह मुळीच नाही. क्लोरीनयुक्त ओल्या हवेने छताचा स्लॅब आतून पोखरला जातो, सळ्या गंजून फुगतात आणि काँक्रीटचे पोपडे खाली पडतात. वस्तीत अशी टाकी धोकादायक ठरली तर ती उतरवलीच पाहिजे. परंतु त्याआधी महापालिकेने जुन्या जलकुंभांची यादी, बांधकामाचे वर्ष, क्षमता आणि मूळ नकाशांसह जाहीर करावी. वारसा संवर्धन समितीने अभियंत्यांना सोबत घेऊन प्रत्येकाची जागेवर पाहणी करावी, जे मजबूत आहेत त्यांना वारसा यादीत घ्यावे आणि जे पाडणे अटळ आहे त्यांची मोजमापे व छायाचित्रे आधी नोंदवून ठेवावीत. नवा जलकुंभ पूर्ण होताच जुन्याच्या पाडकामाची निविदा काढण्यापूर्वी हे काम झाले, तर त्यासाठी वेगळा खर्चही फारसा येणार नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर